गाळलेलं ‘म्हणे’

३ फेब्रुवारी, सोमवार

सातव्या प्रकरणावर घोडं अडलंय. तिसरा दिवस!

सहा प्रकरणं कशी सुरळीत गेली. शेती, नदीवरचं धरण, रेल्वे, दोन्हीकडच्या पहिल्या निवडणुका. बायकांना मताचा हक्क आधी कुणी दिला यावरून जरा धुसफूस झाली, पण तीही हसतखेळत. (त्यांनी आधी दिला. सहा वर्षं आधी. हे मान्य करताना हेडसरांनी चष्मा तीनदा पुसला.) आणि आता सातवं — युद्ध. दोन्ही देशांच्या नववीच्या मुलांना एकच पुस्तक द्यायचं, तर त्यात युद्धही एकच हवं ना? तेच जमत नाहीये. कागदावर दोन युद्धं आहेत. तारखा तेवढ्या जुळतात.

हेडसर म्हणजे या पुस्तकाच्या समितीतले आमच्या बाजूचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक. कुणी मध्ये बोललं की अजूनही पेनाने टेबल ठोकतात. पलीकडच्या अध्यक्ष एक प्राध्यापकबाई — सत्तरीच्या, बारीक आवाजाच्या, खुर्चीवर घालायला घरून उशी आणतात. बाई बोलल्या की काचेच्या केबिनमध्ये बसून मी ते आपल्या भाषेत आणायचं. हेडसर बोलले की माझ्या शेजारचा पलीकडचा दुभाषी — मनातल्या मनात मी त्याला लांबुडका म्हणते — ते त्यांच्या भाषेत नेतो. एकाचं तोंड चालू असलं की दुसरा कानावरचे हेडफोन उतरवून पाणी पितो. दिवसभर हेच.

आज सहा तासांत एक वाक्य मंजूर झालं. “त्या वर्षी हिवाळा कडक होता.”

४ फेब्रुवारी

जेवताना लेक म्हणाली, “दोन देशांचं मिळून पुस्तक म्हणजे दुप्पट पाठांतर! आई, तू घरभेदी आहेस.” नवऱ्याला हसताना ठसका लागला. मीही हसले.

आई हसली नाही. हात धुवायला उठताना विचारलं, “वसाहतीच्या शाळेचं काय लिहिताय?”

“अजून तिथवर आलो नाही गं.”

खोटं. चार दिवस तिथेच आहोत.

५ फेब्रुवारी

हे कुठेतरी लिहायलाच हवं. नाहीतर पोटातच सडेल.

कामावर घेताना एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात एक रकाना — ‘विषयाशी काही वैयक्तिक संबंध?’ मी ‘नाही’ लिहिलं. पेन थबकलंसुद्धा नाही!

सीमेलगत सिमेंट कारखान्याची वसाहत होती. आम्ही तिथे राहायचो. युद्ध सुरू होऊन चारच दिवस झाले होते, शाळा चालू होत्या. सकाळी पावणेदहाला शाळेवर तोफगोळा पडला. छत्तीस मुलं गेली. त्यात माझी ताई. ती नऊ वर्षांची, मी पाच. मला ताप होता म्हणून मी घरी. त्रेचाळीस वर्षं झाली. ताईचा चेहरा मला आठवतो की फोटो आठवतो, हे मला आता सांगता येत नाही.

आपल्या पुस्तकात त्यावर चार ओळी आणि एक चित्र आहे. ‘शत्रूने मुद्दाम शाळेवर हल्ला केला.’ शाळेत असताना तो धडा आला की सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. त्यांच्या पुस्तकात एकच ओळ — ‘सीमेवरील वसाहतीत चकमक झाली.’ चकमक! छत्तीस दप्तरांची.

पण आपल्याही पुस्तकात अशी एक ओळ आहे. ‘काही गावांतील लोकांनी स्थलांतर केले.’ त्यांची भाषा बोलणारी तीन गावं होती आपल्या हद्दीत. आपल्या सैन्याने ती दोन दिवसांत रिकामी केली. माणसं बर्फातून डोंगरापलीकडे चालत गेली. म्हातारी आणि तान्ही वाटेतच राहिली. हे मला या समितीत येईपर्यंत ठाऊक नव्हतं. इतिहासात मला नेहमी चांगले मार्क असायचे.

हेडसर म्हणतात, आधी त्यांनी शाळेचं बोलावं, मग आपण गावांचं बघू. बाई म्हणतात, आधी गावांचं. आणि मी दोन्ही वाक्यं ऐकते आणि एक पोचवते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

झालं! फुटली कोंडी!

दुपारी तीनच्या सुमाराला. हेडसर थकून म्हणाले, “बाई, मी आयुष्यभर हा धडा शिकवला. दर वर्षी एक तरी पोर विचारायचं — सर, त्यांना माहीत होतं का आत मुलं आहेत? मी काय उत्तर देऊ?” लांबुडक्याने ते नेलं. बाईंनी उशी काढली, मांडीवर घेतली. मग बोलायला लागल्या, अगदी हळू. लांबुडक्याने हेडफोन काढले, मी बटण दाबलं, आणि माझ्या तोंडून निघालं —

“त्या शाळेत मुलं आहेत हे आमच्या सैन्याला माहीत होतं.”

हेडसरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच! म्हणाले, “हे बोलायला धैर्य लागतं. मग आम्हीही तीन गावांचं लिहू. स्थलांतर नाही. हाकलून दिलं, असं.” आमच्याच बाजूच्या एका सभासदाने तोंड उघडलं, पण सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शिपायाने न सांगता चहा आणला. पलीकडचे एक गृहस्थ डोळे पुसत होते.

मी केबिनमध्ये रडले नाही. बटण चालू होतं.

काहीतरी टोचतंय. काय ते कळत नाही. दमले असेन.

७ फेब्रुवारी

आईला सांगितलं.

सांगायचं नव्हतं. समितीत बोललेलं बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. पण ती खिडकीपाशी बसून मटार सोलत होती, आणि माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, “आई, त्यांनी कबूल केलं. शाळेत मुलं आहेत हे माहीत होतं म्हणाले.”

हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, रडेल. नाही. म्हणाली, “कोण म्हणालं? बाई माणूस?” मी हो म्हटलं. “वय काय तिचं?” सांगितलं. “बरोबर आहे,” म्हणाली, आणि पुन्हा सोलायला लागली.

संध्याकाळी लेकीला बोलावून सांगत होती — तुझी मावशी दोरीवरच्या उड्या कशी मारायची, पायातली चप्पल नेहमी कशी तुटलेली असायची. आमच्या घरात ताई बोलण्यात आली! त्रेचाळीस वर्षांनी! लेक तोंडाचा आ करून ऐकत होती. मी दाराआड उभी.

८ फेब्रुवारी

आईने दोनदा वाढून घेतलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

इतिवृत्त तपासायला आलं. नियमच आहे, दुभाष्याने ध्वनिमुद्रण ऐकून एकेक वाक्य ताडून पाहायचं. गुरुवारचा भाग लावला.

‘श’ आहे.

त्यांच्या भाषेत क्रियापदाच्या शेवटी अर्धा ‘श’ लागला की वाक्य ऐकीव होतं. आपण ‘म्हणे’ लावतो ना, तसं. बाई म्हणाल्या होत्या — “त्या शाळेत मुलं आहेत हे आमच्या सैन्याला माहीत होतं म्हणे.” लोक असं म्हणतात. माझ्या कानावर आलंय. एवढंच.

मी ‘म्हणे’ गाळलं.

नऊ वेळा ऐकलं. बाईंचा आवाज बारीक, त्यात हीटरची घरघर. पण आहे. स्वच्छ आहे.

११ फेब्रुवारी

ऐकू आलं नसेल. सहा दिवसांची दमणूक, हीटर, बाईंचं पुटपुटणं. कुणाचंही होईल. बावीस वर्षं हे काम करतेय, एक अक्षर सुटू नये?

१२ फेब्रुवारी

वहीशी कशाला खोटं बोलू! ऐकू आला होता.

ऐकला, आणि तोंडाने उचलला नाही. ठरवून नाही — पण चुकूनही नाही. त्रेचाळीस वर्षं ते वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. शेवटी माझ्याच तोंडून ऐकलं.

हे लिहिल्यावर उठून स्वयंपाकघरात चार फेऱ्या मारल्या. नवरा म्हणाला, “काय शोधतेयस?” म्हटलं, “काही नाही.” तो डेपोत बसच्या इंजिनांशी बोलणारा माणूस, त्याला आवाजावरून बिघाड कळतो. म्हणाला, “काही नाही तर बस की मग.” बसवेना.

१३ फेब्रुवारी

आणखी वाईट. दोन्ही मसुदे टंकून आले. आपल्या भाषेतला माझ्या वाक्यावरून. त्यांच्या भाषेतला बाईंनी स्वतः लिहिलाय — अर्ध्या ‘श’सकट. म्हणजे तिकडची मुलं ‘माहीत होतं म्हणे’ वाचणार, इकडची ‘माहीत होतं’. एक पुस्तक म्हणे!

आणि खाली एक प्रमाणपत्र. ‘दोन्ही भाषांतील मजकूर तंतोतंत समान आहे.’ सही — दुभाषी.

मंगळवारी करायची आहे.

१४ फेब्रुवारी

हेडसरांना सांगितलं. सगळं. ताईचंही.

त्यांच्या खोलीत संत्रं सोलत बसले होते. अर्धं मला दिलं, मग मी बोलायला लागले, मग ते अर्धं तसंच माझ्या हातात.

“एका अक्षरासाठी?” ते म्हणाले.

“अर्ध्या, सर.”

“त्या अर्ध्या अक्षरावर काय उभं आहे माहितेय तुम्हाला? तीन गावं! माझ्या मंडळींना मी कसं वळवलं? बाईंनी आधी मान्य केलं, आता आपण मागे राहायचं नाही, असं सांगून. त्यांना जाऊन काय सांगू? ‘म्हणे’ म्हणून सांगू?”

सर उठून दारापर्यंत जाऊन आले.

“आणि फॉर्मवर ‘नाही’ का लिहिलंत?”

“लिहिलं असतं तर घेतलं नसतंत.”

“नसतंच घेतलं.” पेनाने टेबल ठोकलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “घरी जा. बहिणीसाठी तुम्ही थोडं का सोसलंय? मला काही ऐकू आलेलं नाही. तुम्हालाही आलं नव्हतं. सही करा आणि मोकळ्या व्हा.”

चांगला माणूस आहे. तेच तर अवघड आहे.

१५ फेब्रुवारी

आई लेकीला शिवणाच्या डब्यातून रंगीत दोरे काढून देत होती. गुणगुणत होती! मला वाटायचं, तिला गाणं येतच नाही.

कसं काढून घेऊ हे तिच्याकडून?

१६ फेब्रुवारी

नाही करणार सही. नको, करते. आज सहा वेळा ठरवलं, सहा वेळा मोडलं. भाजी करपली ती वेगळीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईंना गाठलं. मधल्या सुट्टीत, पॅसेजच्या टोकाला. त्या उशी बगलेत धरून खिडकीतून पार्किंग बघत होत्या. मी त्यांच्याच भाषेत बोलले. एवढे दिवस त्यांचं ऐकत आले, पण माझं स्वतःचं असं काही त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. जीभ अडखळली.

सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. विचारलं, “किती वर्षांची होती?”

“नऊ.”

मान हलवली. मग म्हणाल्या, “त्या दिवशीची तोफखान्याची नोंदवही मी अकरा वर्षं मागतेय. दर वेळी अर्ज परत येतो. कुणी म्हणतं, जळली. कुणी म्हणतं, आहे. मला माहीत नाही, मुली. खरंच माहीत नाही. माहीत असतं तर मी तो ‘श’ लावला नसता — नोकरी गेली असती तरी.”

मी म्हटलं, “पण खरं असेल ते.”

“असेल. नसेलही. माहीत नसताना माहीत आहे म्हणायचं, हेच तर आपण दोघी शाळेत शिकलो. आपापल्या भाषेत.”

तोंडात मारल्यासारखं झालं. त्या मारायला म्हणाल्या नव्हत्या.

जाताना म्हणाल्या, “मी उठून दुरुस्ती केली तर म्हणतील, बाई शब्द फिरवतेय. आणि तुम्ही केलीत तर तुमचं काय होईल, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. मी उद्या माझ्या खुर्चीवर बसलेली असेन, एवढंच.”

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संपलं. ओळखपत्र काढून घेतलं.

क्रमाने लिहिते.

अकरा वाजता सह्या सुरू होणार होत्या. प्रमाणपत्र केबिनमध्ये आणून दिलं. मी बटण दाबलं आणि म्हटलं, “अध्यक्ष महोदय, दुभाष्याला स्वतःचं बोलायचं आहे.” हेडसरांनी डोळे मिटले. लांबुडका पाण्याचा घोट घेत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाटली ठेवली, हेडफोन चढवले. आणि मी बोलत गेले, तो नेत गेला. सहा तारखेचं वाक्य. अर्धा ‘श’. मला तो ऐकू आला होता. माझी बहीण त्या शाळेत होती. मी फॉर्मवर खोटं लिहिलं. त्याने माझं एकही वाक्य मऊ केलं नाही. त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

मग जो कालवा झाला! आमचे एक सभासद — “ही फसवणूक आहे! तीन गावांचा परिच्छेद ताबडतोब काढा!” पलीकडच्या एकाने फाईल बांधायला घेतली. “आम्ही कबुली दिली असं जगभर झालं असतं!” कुणीतरी मला बाहेर नेऊन बाकावर बसवलं. सुरक्षारक्षकाने ओळखपत्र मागितलं, जरा ओशाळून.

दार बंद होतं. पण मुख्याध्यापकाचा आवाज दाराला थोडाच जुमानतो! अर्ध्या तासाने ऐकू आला.

“परिच्छेद काढणार नाही. — नाही म्हणजे नाही! — खाली बसा. बाई काय म्हणाल्या म्हणून ती माणसं बर्फातून चालत गेली नव्हती. ती गेली. आपण घालवली. हे खरं असेल तर ते फुकटात लिहायचं. त्याच्या बदल्यात काही मागायचं नाही. मी मागितलं. ती माझी चूक. माझं नाव घालून इतिवृत्तात लिहा.”

मग पेन. ठक, ठक, ठक.

दुपारी दार उघडलं. लांबुडका माझ्यापाशी आला, आपल्या भाषेत, मोडक्यातोडक्या उच्चारांत म्हणाला, “तुमचं ‘म्हणे’ आत घेतलं. आता दोन्हीकडे आहे. आणि खाली — ‘याविषयीचे कागद अजून खुले झालेले नाहीत.’ तीन गावंसुद्धा राहिली.” त्याने हात पुढे केला. तळवा घामाने ओला होता. माझाही.

हेडसर शेवटी बाहेर आले. थांबले नाहीत. चालता चालता म्हणाले, “चौकशी होईल तुमची. मला बोलावलं तर मी खरं ते सांगेन.” दोन पावलं गेल्यावर वळले. “सगळं.”

१९ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, “आता निदान एका जागी बसशील.” बसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

आईला अजून सांगायचंय.

२० फेब्रुवारी

सांगितलं.

“आई, ती बाई तसं नव्हती म्हणाली. ती म्हणाली, लोक असं म्हणतात. उरलेलं मी घातलं.”

“तू?”

“मी.”

बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी खोटं पकडल्यावर बघायची तशी नाही. वेगळंच काहीतरी. जणू मीच तिचं काहीतरी पकडलंय. मग “बरं,” म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार लोटलं.

जेवायला आली नाही.

२१ फेब्रुवारी

लेक दोनदा दारापाशी जाऊन आली. “आजी नुसती बसलीय.”

मी काय केलं हे? आधी दिलं, मग हिसकावलं. न देते तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

चहा घेतला. बोलली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आई स्वयंपाकघरात आली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “वही आण,” म्हणाली. “लिहून घे. त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. आपल्यांना माहीत होतं. आदल्या संध्याकाळी आपल्या सैन्याने दोन तोफा शाळेच्या मैदानात आणून लावल्या. आम्ही बायकांनी त्यांना चहा नेऊन दिला. सकाळी साडेनऊला त्या तोफा सुरू झाल्या. पंधरा मिनिटांनी तिकडून उत्तर आलं.”

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“मला कुणी विचारलं?”

मग उठता उठता —

“तीही घरीच राहते म्हणत होती, तुझ्यापाशी. मीच पाठवली. म्हटलं, जा, तिथे आपल्या तोफा आहेत.”